आरती चालू असताना पडदा काळा होऊ नये म्हणून

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीत आरत्यांचे शब्द टीव्हीवर दाखवतो. कॉम्प्युटर जुना, उबुंटूवर (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चालणारा. माऊसला कुणी हात लावत नाही, त्यामुळे पाच मिनिटांत पडदा काळा, आणि नेमका ‘घालीन लोटांगण’ला!

१. सेटिंग्जमध्ये ‘पॉवर’ उघडा. ‘स्क्रीन ब्लँक’ला ‘नेव्हर’ करा. तिथेच ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ बंद करा. हे विसरलात तर पडदाच काय, अख्खं मशीन झोपतं.

२. ‘प्रायव्हसी’मधलं ‘ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक’ही बंद करा.

३. नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई (जुन्या मशीनसाठीचा हलका डेस्कटॉप) असेल तर काम सोपं: पॉवर मॅनेजरच्या बॅटरीसारख्या चिन्हावर क्लिक करून ‘प्रेझेंटेशन मोड’ चालू करा.

दुसऱ्या एखाद्या हलक्या डेस्कटॉपवर असं काही सापडलं नाही तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी), इंग्रजी लहान अक्षरांत, आधी ‘एक्ससेट एस ऑफ’ (xset s off) आणि मग ‘एक्ससेट -डीपीएमएस’ (xset -dpms) टाइप करा (वजाचं चिन्ह डीपीएमएसला चिकटून). पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन यंत्रणा असतात, जुनी एक्स-इलेव्हन आणि नवी वेलँड; हे फक्त एक्स-इलेव्हनवर चालतं, वेलँडवर नाही. मशीन रीस्टार्ट झालं की पुन्हा द्यावं लागतं.

लॉक बंद म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही कॉम्प्युटर उघडा. म्हणून मंडपासाठी वेगळं यूजर खातं करा. वर्गणीचा हिशेब त्यात नको.