‘फायनल_२’च्या फाइली टाळून प्रोग्रॅमच्या आवृत्त्या गिटमध्ये कशा ठेवाव्यात

समजा, तुम्ही घरखर्चाचा हिशेब करणारा एक छोटा पायथॉन प्रोग्रॅम लिहिला आहे आणि पंधरा दिवसांत फोल्डरमध्ये ‘खर्च’, ‘खर्च_नवीन’, ‘खर्च_फायनल’ आणि ‘खर्च_फायनल_२’ अशा चार फाइली जमल्या आहेत. त्यांतली चालणारी कोणती, हे उघडून पाहिल्यास कळते. पण कोणता बदल कशासाठी केला होता, हे मात्र चारही फाइली उघडूनही कळत नाही. हे ‘कशासाठी’ जपून ठेवण्याची सोय गिट या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलचे, म्हणजे गाभ्याचे, काम सांभाळण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले हे साधन एका फाइलच्या प्रोग्रॅमलाही तितकेच उपयोगी पडते.

गिट इन्स्टॉल केल्यावर ‘गिट कॉन्फिग’ने आपले नाव व ई-मेल एकदाच नोंदवावे, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडावे आणि त्या फोल्डरची नोंद ठेवायला सुरुवात करणारी ‘गिट इनिट’ ही कमांड द्यावी. (येथील सर्व कमांड टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.) त्यानंतर ‘गिट ॲड’ने फाइल निवडायची आणि ‘गिट कमिट’ने तिची त्या क्षणीची स्थिती संदेशासह नोंदवायची.

संदेश लिहिताना आळस करू नये. ‘इनपुट’ या फंक्शनने वापरणाऱ्याकडून घेतलेली रक्कम पायथॉन मजकूर समजतो, त्यामुळे दुधाचे १२० आणि भाजीचे ४५ यांची बेरीज १६५ न येता १२०४५ अशी छापली जाते. ही चूक सुधारल्यावर ‘बदल केले’ एवढेच लिहिले, तर महिन्याभराने त्यातून काहीच उमगत नाही. ‘रक्कम मजकूर म्हणून वाचली जात होती, आकड्यात रूपांतर केले’ असे लिहिले, तर ‘गिट लॉग’ने दिसणारी संदेशांची यादी ही प्रोग्रॅमची रोजनिशी होते. एका कमिटमध्ये एकच काम असावे आणि ‘गिट ॲड’ करण्यापूर्वी ‘गिट डिफ’ने झालेले बदल पाहावेत, कारण तपासणीसाठी घातलेल्या प्रिंटच्या ओळी तेथेच सापडतात.

फाइल बिघडली, तर ‘गिट रिस्टोअर’पुढे तिचे नाव दिल्यास कमिट केलेली स्थिती परत मिळते, मात्र त्यानंतरचे कमिट न केलेले बदल कायमचे जातात, म्हणून ही कमांड घाईत देऊ नये.

खर्चाचा आलेख काढण्यासारखा मोठा प्रयोग करायचा असेल, तर ‘गिट स्विच’ला ‘सी’ हा पर्याय जोडून नवी ब्रँच, म्हणजे इतिहासाची वेगळी शाखा, काढावी. प्रयोग फसला तरी मूळ ब्रँचवरचा हिशेब चालूच राहतो, आणि जमला तर मूळ ब्रँचवर परत येऊन ‘गिट मर्ज’ने तो सामील करून घेता येतो. जुन्या धड्यांत याच कामासाठी ‘चेकआउट’ दिसेल. ‘स्विच’ २०१९ मध्ये आले, आणि नवशिक्याने तेच वापरावे, असे माझे मत आहे.

काय नोंदवू नये, हेही आधीच ठरवावे. मी एकदा ई-मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड थेट लिहून कमिट केला आणि गिटहब या गिटचे प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळावर चढवला. पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढली, तरी इतिहासात ती जशीच्या तशी राहिली आणि शेवटी पासवर्डच बदलावा लागला. पासवर्डची फाइल, खऱ्या खर्चाच्या नोंदी आणि पायथॉनने आपोआप केलेले कॅशेचे फोल्डर यांची नावे, नावाच्या आरंभी टिंब असलेल्या ‘गिटइग्नोर’ फाइलमध्ये पहिल्या कमिटपूर्वीच लिहावीत. एकदा नोंदवलेल्या फाइलवर या यादीचा परिणाम होत नाही.

हा सगळा इतिहास त्याच फोल्डरमधील ‘गिट’ नावाच्या लपलेल्या उपफोल्डरमध्ये असतो. फोल्डर पुसला किंवा डिस्क बंद पडली, तर तोही जातो. म्हणून गिटहबसारख्या ठिकाणी खासगी रेपो (प्रकल्पाचे साठवणस्थान) उघडून, ते आपल्या फोल्डरला जोडून, दिवसाचे काम संपल्यावर ‘गिट पुश’ने इतिहास तेथे चढवावा.