वायरिंगवाल्याचा परवाना: कशासाठी असतो आणि कसा तपासायचा

नव्या घराचं पूर्ण वायरिंग असो की जुन्या घरात एसीसाठी ओढलेली एक जादा लाइन, काम सुरू होण्याआधी परवाना मागा. लोक पॉइंटचा भाव विचारतात, परवाना विचारत नाहीत. विचारलाच तर पुष्कळदा आयटीआयचा दाखला पुढे येतो. तो असणं चांगलंच, पण तो परवाना नव्हे. त्या माणसाने वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिली, एवढंच त्यावरून कळतं. दुसऱ्याच्या घरात वायरिंग करायची मुभा राज्य शासन देतं, आणि निष्काळजी काम केलं तर ती काढूनही घेतं. शिक्षण कुणाला काढून घेता येत नाही, परवाना घेता येतो. म्हणून परवानाधारकाच्या सहीला वजन आहे.

वीज कायदा 2003 खालच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार ग्राहकाच्या जागेतलं काम तीन माणसांच्या जबाबदारीवर होतं: परवाना असलेला ठेकेदार, सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परमिट असलेला वायरमन. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलायला हे लागत नाही. मात्र त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. गीझरसाठी नवी लाइन टाकणं या सवलतीत बसत नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते.

कागद पाहताना नाव, क्रमांक, फोटो आणि वैधतेची तारीख बघा. मुदत संपलेलं परमिट दाखवणारे बरेच भेटतात. झेरॉक्स ठेवून घ्या. शंका आली तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात क्रमांक सांगून चौकशी करा. कोटेशनवर एक ओळ लिहून घ्या: काम परवानाधारक ठेकेदाराकडून होईल आणि टेस्ट रिपोर्ट त्याच्याच सहीचा मिळेल. ही ओळ लिहायला जो कां-कू करतो, त्याला काम देऊ नका.

या ओळीचा आग्रह धरायला कारण आहे. महावितरणकडून नवं कनेक्शन घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. प्रत्यक्षात काम एकाचं आणि सही दुसऱ्याची, असं सर्रास चालतं. सही करणाऱ्याने घर पाहिलेलंही नसतं. मग परवान्याचा उपयोग काय राहिला? कुणीतरी जाणकार माणूस मेगर, म्हणजे तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, घेऊन घरात आला पाहिजे, तारा तपासल्या पाहिजेत आणि आकडा आपल्या नावावर लिहिला पाहिजे, यासाठीच तर ही सगळी व्यवस्था आहे. तेव्हा चाचणी तुमच्यासमोर करून घ्या.

ती अशी होते. मेन स्विच बंद करायचा. दिवे, पंखे, राउटर, टीव्ही, सगळी उपकरणं सोडवायची, कारण मेगर 500 व्होल्ट डीसी देतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स त्याने जळतं. स्विच सगळे चालू ठेवायचे, नाहीतर स्विचच्या पुढची तार तपासलीच जात नाही. मग फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक मिनिट मेगर लावायचा, नंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये. किमान 1 मेगाओहम यायलाच हवा. ही किमान मर्यादा आहे; नव्या, कोरड्या वायरिंगमध्ये आकडा याच्या कितीतरी पट वर असतो. नव्या घरात दीड-दोन मेगाओहमच आला तर ‘पास’ म्हणून सोडू नका. प्लास्टर ओलं असताना तारा ओढल्या असतील, पाइपच्या धारेवर इन्सुलेशन सोललं असेल किंवा फर्निचरचा खिळा तारेत गेला असेल. एकेक सर्किट वेगळं करून पुन्हा मोजलं की दोष कुठे आहे ते सापडतं.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधली चाचणी कंटाळा करून गाळली जाते, आणि सर्वांत घातक लबाडी तिच्यातच पकडली जाते. अर्थची तार ओढायचा खर्च वाचवायला काही जण सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थला लावला तर तो झकास पेटतो, त्यामुळे घरमालकाला संशय येत नाही. पुढे कधी न्यूट्रल तुटला की गीझर किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. मेगर मात्र अशा सॉकेटच्याच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांमध्ये लावला तर सरळ शून्य दाखवतो. वरच्या खोलीतलं एखादं सॉकेट उघडून बघाच: समोरून पाहताना वरच्या मोठ्या भोकाला हिरवी तार, उजवीकडे फेज, डावीकडे काळी न्यूट्रल, आणि हिरव्या-काळ्या तारांना जोडणारा तारेचा एकही तुकडा नाही. सॉकेट उघडण्याआधी मेन बंद, हे वेगळं सांगायला नको.

आता आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. माणसाच्या संरक्षणासाठी तो 30 मिलिअँपिअरचा हवा. 100 किंवा 300 वाला आगीपासून वाचवायला असतो. वीज चालू असताना ‘टी’ बटण दाबलं की तो पडला, म्हणजे आपोआप बंद झाला पाहिजे. राहायला आल्यावर तो वारंवार पडू लागला तर काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. ते शोधणं हे ठेकेदाराचं काम आहे, आणि रिपोर्टवर त्याची सही आहे म्हणून तुम्ही त्याला हक्काने परत बोलावू शकता.

टेस्ट रिपोर्टवर मेगरचा आकडा, तारीख, जोडलेला भार आणि परवाना क्रमांक भरलेला असल्याशिवाय बाकीची रक्कम देऊ नका. मूळ प्रत वीज कंपनीकडे जाते, तेव्हा आधी झेरॉक्स काढा. कोणत्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर) कोणती खोली आहे, ही यादी ठेकेदाराकडून लिहून घेऊन डीबीच्या, म्हणजे हे स्विच बसवलेल्या पेटीच्या, दाराला आतून चिकटवा. पुढे कुणी जादा लाइन टाकली की त्या सर्किटची चाचणी नव्याने करून घ्या आणि तो कागद याच झेरॉक्ससोबत ठेवा.