नादारीचा अर्ज करण्याआधी: दागिने आणि घरातलं सामान कसं राखायचं

कर्ज फेडणं शक्य नाही म्हणून न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करणार असाल तर वकिलाकडे जाण्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. कपाटातले, डब्यांतले, लॉकरमधले सगळे दागिने एका ताटात काढा आणि नवरा-बायकोने मिळून त्यांचे ढीग लावा. माहेरहून आलेले, सासरहून लग्नात घातलेले, नवऱ्याने नंतर घेऊन दिलेले, नवऱ्याचे स्वतःचे, मुलांचे आणि सासूबाईंनी सांभाळायला दिलेले. दागिना वाचणार की रिसीव्हरच्या (नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाणार, हे बहुतेक वेळा या ढिगांवरूनच ठरतं. पुष्कळ घरांत नेमकं उलटं होतं. जप्तीची कुणकुण लागली की डबा रातोरात बहिणीकडे किंवा गावी पाठवला जातो, आणि ज्या दागिन्यांना कायद्याने कोणी हात लावू शकलं नसतं तेही संशयात सापडतात.

आधी कायदा कोणता लागतो ते पाहू. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली, पण सामान्य माणसाच्या कर्जासाठीचा तिचा भाग अजून लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागतो. बाकीच्यांसाठी मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदा आहे आणि अर्ज उच्च न्यायालयात होतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. पुढचं विवेचन मुख्यतः या १९२० च्या कायद्याला धरून आहे. मुंबईचा फरक त्या त्या जागी सांगितला आहे.

कायदा काय सोडतो

नादार ठरवल्याचा आदेश झाला की कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जे जप्त करता येत नाही, ते यातून वगळलेलं आहे. कर्जदार, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग आणि अंथरूण-पांघरूण वाचतं. धार्मिक चालीप्रमाणे कोणत्याही स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने वाचतात. कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औजारं, कामापुरती जनावरं आणि बियाणं वाचतं. शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कमही वाचते. म्हणून क्रेडिट कार्डाचा हप्ता भरायला पीपीएफ मोडू नका. धनकोंना (ज्यांचं देणं आहे त्यांना) ज्या पैशाला हात लावता येत नाही, तेच आपण आपल्या हाताने त्यांना देऊन बसतो.

‘गरजेचे’ हा शब्द न्यायालय काटेकोरपणे पाहतं. चार माणसांच्या घरातली पातेली, कुकर, तवा, ताटं-वाट्या यांवर कोणी वाद घालत नाही. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, सोफा आणि दुचाकी मात्र सूट असलेल्या या वस्तूंत नाहीत. अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत ती लिहावीच लागतात. व्यवहारात जुन्या फ्रिजचे जेमतेम पैसे येतात, त्यामुळे उचलून नेण्याचा आणि लिलावाचा खर्च पाहता रिसीव्हर अनेकदा त्यात रस घेत नाही. पण तो निर्णय त्याचा आहे. ‘कशाला लिहायचं’ म्हणून वस्तू वगळली तर ती लपवल्याचा ठपका येतो. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूवर कर्ज देणाऱ्याचा तारण हक्क असेल, तर तिच्यापुढे कर्जाची बाकीही लिहा. शिंप्याचं मशीन किंवा सुताराचा रंधा अवजार म्हणून वाचतो, दुकानातला विक्रीचा माल वाचत नाही.

मुंबईच्या कायद्यात कपडे, अंथरूण, भांडी, फर्निचर आणि अवजारं या सगळ्यांची मिळून मर्यादा ३०० रुपये आहे. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिला आहे, आणि स्त्रीच्या दागिन्यांचा त्या कलमात उल्लेखही नाही. त्यामुळे मुंबईत अर्ज करणाऱ्याला सुटीपेक्षा मालकीच्या पुराव्याचा आधार जास्त.

दागिन्यांचे दोन वेगळे बचाव

दागिना दोन वेगळ्या कारणांनी वाचतो आणि ती कारणं एकमेकांत मिसळली की घोळ होतो. पहिलं कारण धार्मिक चाल. मंगळसूत्र हे याचं अगदी स्पष्ट उदाहरण, जोडवीही त्याच अंगाने मांडता येतात. सवाष्णीच्या अंगावरचं दुसरं काही आपल्या समाजात उतरवत नसतील तर तसं लिहून मागता येतं, पण प्रत्येक पाटली आणि तोड्याला ‘सौभाग्यलेणं’ म्हटलं तर न्यायालय मानणार नाही. पोटावर येणारं पाच तोळ्यांचं गंठण आणि रोजचं छोटं मंगळसूत्र अशी दोन असतील तर रोज अंगावर असतं त्यावर सूट मागणं जास्त भक्कम. बोरमाळ, ठुशी, नथ, कोल्हापुरी साज हे या कारणावर टिकवणं अवघड आहे.

त्यांच्यासाठी दुसरं कारण आहे, स्त्रीधन. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर स्त्रीला मिळालेल्या दागिन्यांची पूर्ण मालकी तिची असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ हेच सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधन नवऱ्याच्या ताब्यात असलं तरी तो फक्त ते सांभाळणारा असतो. नादार नवरा झाला, बायको नाही. मग जे त्याचं नाहीच ते रिसीव्हरकडे जाण्याचा प्रश्न येत नाही. इथे वजनाची मर्यादाही नाही, फक्त दागिने तिचे आहेत हे दाखवता आलं पाहिजे.

नवऱ्याने अलीकडे घेऊन दिलेल्या दागिन्यांची बाजू मात्र कच्ची असते. १९२० च्या कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे, नादारीचा अर्ज होण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दुसऱ्याला दिलेली मालमत्ता न्यायालय परत मागू शकतं. दहा वर्षांपूर्वी पाडव्याला दिलेल्या बांगड्या आणि हप्ते थकू लागल्यावर दिलेल्या बांगड्या एका मापाने मोजल्या जात नाहीत. नंतरच्या बांगड्या यादीत ‘पतीने दिलेल्या, अमुक महिन्यात’ असंच खरं लिहा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात उशिरा येते. बायकोने कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर त्या कर्जापुरती ती स्वतः देणेकरी आहे. मग तिच्याविरुद्ध हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा निकाल) झाल्यावर तिचं स्त्रीधन ‘तिची मालमत्ता’ म्हणूनच जप्त होऊ शकतं आणि फक्त धार्मिक चालीचा बचाव उरतो. गृहकर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या असणं हे आज सर्रास आहे, तेव्हा अर्ज एकट्याने करायचा की दोघांनी, हे वकिलाला आधी विचारा.

नवऱ्याची साखळी, अंगठी, ब्रेसलेट या कोणत्याच बचावात बसत नाहीत. बारशाला मुलाला आलेले वाळे, चांदीचा पेला हे मुलाचं, तसंच लिहा. देवघरातली समई, चांदीचं तबक, टाक हे स्त्रीच्या अंगावरचे दागिने नव्हेत. ते वेगळ्या शीर्षकाखाली लिहा आणि परस्पर सुटीत धरू नका.

‘बाईला पन्नास तोळे सोनं ठेवता येतं’ हे वाक्य खूप ऐकू येतं. विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम हा आकडा खरा आहे, पण तो आयकर छाप्यात दागिने जप्त न करण्याबद्दल १९९४ साली अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनेतला आहे. कर्जवसुलीशी आणि नादारीशी त्याचा संबंध नाही. कंपनीच्या कर्जाला हमी दिलेल्यांच्या प्रकरणातली मर्यादाही वेगळी, धार्मिक चालीच्या दागिन्यांसाठी १ लाख रुपये.

यादी कशी करायची

सराफाकडे जा आणि प्रत्येक नग वेगळा तोलून घ्या. एकूण वजन आणि निव्वळ सोनं असे दोन आकडे लिहून मागा. मंगळसूत्रात काळे मणी आणि दोरा असतो, पोकळ मण्यांच्या बोरमाळेत लाख भरलेली असते, कुड्यांमध्ये मोती असतात. हे वजा न करता वजन लिहिलं की किंमत फुगते. यादीतली एक ओळ अशी दिसावी:

मणी-मंगळसूत्र, दोन वाट्या, एकूण २४.३५० ग्रॅम, मणी-दोरा वजा जाता सोनं १९.८०० ग्रॅम, २२ कॅरेट; २००९ साली विवाहात मिळालेलं; पत्नीच्या अंगावर; कलम ६० खाली सूट मागितली आहे.

किंमत काढताना त्या दिवसाचा मोडीचा भाव धरा, घडणावळ धरू नका. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध, तेव्हा वरच्या नगात शुद्ध सोनं साधारण १८.१४ ग्रॅम. अलीकडच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असेल तर तो भिंगातून वाचून लिहा, बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. वजन आठवणीतून कधीच लिहू नका. कागदावर ८० ग्रॅम लिहिलं आणि ताब्यात ६२ भरलं, तर उरलेले १८ ग्रॅम कुठे गेले हे सांगत बसावं लागतं, जरी ते कधी नसलेच तरी.

प्रत्येक नगाचा फोटो काट्यावर ठेवून घ्या, आकडा दिसला पाहिजे. मग मालकीचा पुरावा जोडा: लग्नाच्या अल्बममधला तोच हार घातलेला फोटो, आहेराची वही, माहेरच्यांच्या नावाची सराफाची पावती, मोड देऊन नवा केला असेल तर त्या मोडीची नोंद. मोडीची नोंद सगळ्यात जास्त हरवते, आणि माहेरचं जुनं सोनं नवऱ्याच्या नावच्या पावतीवर नवं होऊन बसतं. पावती नसेल तर आई-वडील किंवा भाऊ यांचं प्रतिज्ञापत्र चालवून पाहता येतं, पण फोटोच्या जोडीनेच.

लॉकर दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाचे दागिने वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी घालून ठेवा. अर्ज केल्यानंतर वकिलाला विचारल्याशिवाय लॉकर उघडू नका. बँकेच्या नोंदवहीत तारीख-वेळ राहते आणि तीच पुढे विचारली जाते.

सोनेतारण कर्जात ठेवलेले दागिने यादीत लिहायचेच, पण सुटीत धरायचे नाहीत. तारणाचा हक्क नादारीने जात नाही. रीतसर नोटीस देऊन कर्ज देणारा ते विकू शकतो, मंगळसूत्र असलं तरी. विक्रीतून कर्ज फिटून उरलेली रक्कम ज्याचे दागिने त्याची, म्हणून बायकोचे दागिने नवऱ्याच्या कर्जाला ठेवले असतील तर ते तसं नमूद करा.

अर्जातच, कलम १३ प्रमाणे, सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे हे सांगायचं असतं, आणि सूट असलेल्या वस्तू सोडून बाकी न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी लिहून द्यायची असते. सूट मागायची जागा हीच. ‘घरगुती सामान, अंदाजे २० हजार’ अशी एक ओळ लिहून भागवलं की पुढची प्रत्येक वस्तू वादात येते.

घर चालवायला सोनं विकावं लागलंच तर बाजारभावाने, पावती घेऊन, पैसे बँकेत जमा करून विका आणि खर्चाचा हिशेब ठेवा. ते पैसे एकट्या भावाचं किंवा मित्राचं देणं फेडायला देऊ नका. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकतं माप देण्यासाठी दिलेले पैसे रद्द ठरू शकतात आणि रिसीव्हर भावाच्या दारात जातो. मुद्दाम लपवाछपवी हा कलम ६९ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद.

बेलीफ दारात आला तर

नुसता अर्ज दाखल केल्याने आधीची जप्ती आपोआप थांबत नाही, नादार ठरवल्याच्या आदेशानंतर धनकोंना परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. मधल्या काळात बेलीफ (न्यायालयाचा जप्ती करणारा कर्मचारी) आला तर वॉरंट पाहा, दरखास्त (वसुलीच्या प्रकरणाचा) क्रमांक आणि रक्कम टिपून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. बँकेच्या वसुली एजंटाला तर घरातलं सामान उचलण्याचा अधिकारच नाही, आणि सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

बेलिफाशी झटापट करू नका. पंचनाम्यात प्रत्येक नगाचं वर्णन आणि वजन लिहिलंय का ते वाचा, आणि सही करताना बायकोने स्वतःच्या हाताने लिहावं: ‘हे दागिने माझं स्त्रीधन आहे, जप्तीला माझी हरकत आहे.’ प्रत मागून घ्या. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली तिच्या नावाने हरकत अर्ज करा, आणि विक्री होण्याआधी करा. रिसीव्हरने नेलं असेल तर कलम ६८ खाली न्यायालयात दाद मागायला त्या दिवसापासून फक्त २१ दिवस मिळतात. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो.

कर्जाच्या करारात ‘सर्व सवलती सोडून देत आहे’ असं कलम वाचून घाबरू नका. कलम ६० ची सूट सोडण्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो.

नादार ठरवल्याचा आदेश झाल्यानंतर मुक्तता (जुन्या देण्यांतून न्यायालयाने दिलेली सुटका) मिळेपर्यंत नादाराच्या नावाने जे येईल तेही रिसीव्हरकडे जातं, दसऱ्याला घेतलेलं एक ग्रॅमचं नाणंसुद्धा. या काळात माहेरून बायकोला काही मिळालं तर पावती देणाऱ्याच्या नावाची आणि सोबत ‘मुलीस भेट’ अशी दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. मुक्ततेचा अर्ज करायची मुदत आदेशातच लिहिलेली असते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण ती चुकली की आदेश रद्द होऊ शकतो आणि सगळे धनको पुन्हा मोकळे होतात.