अमेरिकेत मुलांच्या अभ्यासाला हातभार: स्वयंसेवी शिकवणी कशी शोधावी, कशी करावी

एच-4 व्हिसावर (एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो), वर्क परमिट नसताना अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी मंडळींकडे दुपारचा वेळ असतो आणि शिकवण्याची हौसही. शाळा सुटल्यावर मुलांचा गृहपाठ करून घेणारे, वाचन सुधारणारे मोफत कार्यक्रम तिथे बऱ्याच गावांत चालतात आणि त्यांना माणसं हवीच असतात. पुढची माहिती मुख्यतः कॅलिफोर्निया डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. इतर राज्यांत कागदपत्रं थोडी बदलतात, कामाची पद्धत तीच.

आधी व्हिसाची मर्यादा समजून घ्या. काम ना-नफा संस्थेत, सार्वजनिक शाळेत किंवा ग्रंथालयात असावं आणि पूर्णपणे विनामोबदला असावं. मानधन नको, गिफ्ट कार्डही नको. ज्या कामाला एरवी पगारी माणूस नेमतात, ते फुकट करणंही अडचणीचं ठरू शकतं. अमेरिकॉर्प्स या सरकारी समाजसेवा कार्यक्रमाच्या भत्ता मिळणाऱ्या जागा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरत्या असतात, तिथे अर्ज करू नका. शंका असेल तर व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकिलाला विचारा.

मग कार्यक्रम शोधा. पहिला फोन गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला करा, दुसरा शाळेच्या ऑफिसला. बॉइज अँड गर्ल्स क्लबमध्ये ‘पॉवर अवर’ नावाने गृहपाठाचा तास असतो. रीडिंग पार्टनर्स ही संस्था प्राथमिक शाळेतल्या मुलांना एकास एक वाचन शिकवते. लेखनाची आवड असेल तर 2002 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ‘826 व्हॅलेन्सिया’ आणि इतर शहरांतल्या तिच्या भगिनी संस्था पाहा. शाळा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडतात. कागदपत्रांना काही आठवडे लागतात, म्हणून जुलैतच अर्ज करा.

होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा: दर वेळी तेच मूल मिळेल का? आठवड्यातून किती वेळा? एका वेळी किती मुलं? वर्गशिक्षकांकडून निरोप येतो का? आठवड्यातून तीन वेळा, किमान अर्धा तास, तोच शिकवणारा आणि फार तर तीन-चार मुलं, एवढं जमलं तर प्रगती दिसते. दर वेळी वेगळं मूल समोर बसवणारा कार्यक्रम आम्ही तरी निवडणार नाही. तिथे तुम्ही फक्त त्या दिवसाचा गृहपाठ उरकता, मुलाचं नेमकं कुठे अडतंय ते कळतच नाही.

कागदपत्रांत मराठी माणसाचं हमखास अडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, नाव. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या नावात असतं, लग्नाआधीचं आडनाव पदवीच्या कागदावर. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि ‘इतर नावं’ या रकान्यात जुनं नाव द्या.

दुसरं, पार्श्वभूमी तपासणी. ऑनलाइन फॉर्म सोशल सिक्युरिटी नंबर मागतो आणि एच-4 धारकाकडे तो बहुधा नसतो. त्या जागी आयटीआयएन (फक्त कर भरण्यासाठी मिळणारा क्रमांक) भरू नका. तपासणी बोटांच्या ठशांवरून होईल का, ते कार्यक्रमाच्या समन्वयकाला विचारा. कॅलिफोर्नियात याला लाइव्ह स्कॅन म्हणतात. संस्थेने दिलेला फॉर्म आणि पासपोर्ट घेऊन जा. बोटं कोरडी असतील तर ठसे नीट उमटत नाहीत, त्यामुळे आदल्या दिवसापासून लोशन लावा.

तिसरं, क्षयरोगाची चाचणी. शाळेत नियमित जाणाऱ्या स्वयंसेवकाकडून ती किंवा निदान धोक्याची प्रश्नावली मागतात. हातावर टोचून 48 ते 72 तासांनी पाहतात ती चाचणी, लहानपणी क्षयरोगाची बीसीजी लस घेतलेल्यांची, आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे आणि धावपळ. त्यामुळे सुरुवातीलाच बीसीजी झाल्याचं सांगून रक्तावरची आयजीआरए चाचणी मागा.

आता प्रत्यक्ष तास. 45 मिनिटं असतील तर पहिली पाच गप्पांना, पंधरा वाचनाला, वीस गृहपाठाला आणि शेवटची पाच नोंदीला ठेवा: काय झालं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय.

वाचताना मूल शब्दावर अडलं की लगेच सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा, मग शब्दाचा पहिला आवाज काढायला लावा, तरीही जमलं नाही तर सांगून पुढे जा. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर पुस्तक अवघड आहे, बदला.

गणितात आपली शाळेतली पद्धत आधी बाजूला ठेवावी लागते. 402 मधून 158 वजा करताना तिसरीतलं मूल कदाचित संख्यारेषा काढेल: 158 वरून 160 ला 2, तिथून 200 ला 40, तिथून 402 ला 202, एकूण 244. उत्तर बरोबर आणि रीतही बरोबर. तिथे हातच्याची वजाबाकी शिकवली तर मूल गोंधळतं, आणि वर्गात मागितलेली रीत वहीत दिसत नाही म्हणून गुणही जातात. आधी ‘बाईंनी कसं करून दाखवलं?’ हे विचारा. मोठ्या संख्येत स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी येतो, 1,00,000 नव्हे तर 100,000. तारखेत महिना आधी. लांबी इंचात, तीही अपूर्णांकात, त्यामुळे पट्टीवरचा एक अष्टमांश इंच स्वतः आधी वाचून पाहा.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पक्के पाळा. बंद खोलीत मुलाबरोबर एकटं बसू नका. फोटो काढू नका, फोन नंबर देऊ-घेऊ नका, गाडीतून घरी सोडू नका. मुलाने घरातल्या मारहाणीबद्दल काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, खोदून प्रश्नही विचारू नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी समन्वयकाला सांगा. कुटुंबाच्या व्हिसाची, कागदपत्रांची चौकशी कधीच करू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क दिला आहे. पण अशा एका प्रश्नाने घाबरलेले आईवडील मुलाला पाठवणं थांबवू शकतात.

डिसेंबरात भारतवारी ठरली असेल तर तारखा सप्टेंबरमध्येच कळवा आणि शेवटच्या तासाला मुलाला कॅलेंडरवर परतीचा दिवस दाखवा. व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुक्काम लांबला तर समन्वयकाला लगेच ईमेल करा, म्हणजे तोवर मुलाला दुसरं कुणीतरी मिळेल.