लाकडी दांड्याची कुऱ्हाड: निवड आणि निगा

कुऱ्हाड विकत घेताना बहुतेकांची नजर आधी पात्यावर जाते. पाते बोथट झाले तर त्याला धार लावता येते आणि गंजले तर ते घासून काढता येते. दगा होतो तो दांड्यात, किंवा दांडा पात्याच्या नेढ्यात जिथे बसतो त्या सांध्यात. म्हणून कुऱ्हाड हातात घेतल्यावर ती प्रथम उलटी धरून दांड्याचे बूड पाहावे.

बुडाच्या कापावर लाकडाच्या वाढीच्या रेषा दिसतात. त्या पात्याला समांतर, म्हणजे धारेकडून माथ्याकडे, पात्याच्या मागच्या बोथट बाजूकडे, गेलेल्या असाव्यात. त्या आडव्या असतील तर घाव बसताना दांडा चिरण्याचा धोका वाढतो. मग दांड्याच्या कुशीवरून बोट फिरवीत एखादी शीर कुठवर जाते ते पाहावे. ती बुडापासून नेढ्यापर्यंत सलग गेली असेल तर उत्तम. मध्येच तिरपी होऊन कडेला बाहेर पडत असेल, किंवा दांड्याच्या बारीक भागात गाठ असेल, तर पाते कितीही चांगले असले तरी ती कुऱ्हाड घेऊ नये. हिकरी आणि ॲश ही लाकडे चिवट असून हादरा पचवतात, म्हणून दांड्यासाठी नावाजलेली आहेत. रंग दिलेला दांडा मी घेत नाही, कारण रंगाखाली शिरांचे दोष लपतात.

शेवटी एक डोळा मिटून बुडाकडून दांड्यावरून नजर टाकावी: धारेची ओळ दांड्याच्या मधोमध आली पाहिजे. आकाराचे म्हणाल तर फांद्या साळण्यासाठी 35 ते 40 सेंटिमीटर दांड्याची लहान कुऱ्हाड पुरते, आणि भटकंतीत सर्व कामांसाठी 60 ते 65 सेंटिमीटर दांड्याची, एक किलोच्या आतबाहेर पाते असलेली कुऱ्हाड सोयीची पडते. लाकूड फोडण्याचे पाते पाचरीसारखे जाड असते, त्यामुळे त्याच्याकडून आडव्या कापाची अपेक्षा करू नये.

धार लावण्यासाठी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरावे, हातमोजे घालावेत आणि कानस एकाच दिशेने, पुढे ढकलतानाच, चालवावी. मागे ओढताना ती उचलावी, नाहीतर तिचेच दाते मोडतात. एका बाजूने घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेशी बोटाच्या टोकाला खरखरीत लागणारी बारीक कोर उठते. ती कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागली की बाजू बदलावी, आणि अखेरीस धारेच्या दगडाने ती कोर काढून टाकावी. फिरत्या विद्युत सहाणेचा मोह आवरावा. पातळ कड क्षणात तापते, तिच्यावर निळसर झाक आली की पोलादाचे पाणी उतरलेले असते, आणि मग कितीही घासले तरी तेवढ्या भागात धार टिकत नाही.

पाते हलू लागले तर कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. मीही पूर्वी तो केला आहे आणि दोन दिवसांत पाते पुन्हा हलू लागलेले पाहिले आहे. फुगलेले लाकूड नेढ्याच्या लोखंडाला भिडून आतल्या आत चिरडते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल बसते. त्याऐवजी कुऱ्हाड पाते खाली राहील अशी लोंबती धरून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडीने ठोकावे. जड पाते जागीच राहते आणि दांडा नेढ्यात आणखी आत शिरतो. त्यानंतर नेढ्यात दांड्याच्या टोकात बसवलेली पाचर घट्ट ठोकावी, आणि ती खराब झाली असल्यास नवी बसवावी. दुरुस्ती होईपर्यंत त्या कुऱ्हाडीने एकही घाव घालू नये. लाकूड फोडण्याच्या लोखंडी पाचरी कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकणेही टाळावे, कारण त्याने नेढे पसरते आणि मग कोणताच दांडा नीट बसत नाही.

काम संपल्यावर पाते पुसून कोरडे करावे, त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि धारेवर चामड्याचे म्यान चढवावे. कुऱ्हाड शेकोटीजवळ किंवा उन्हात ठेवल्यास दांडा आकसतो; ओलीवर ठेवल्यास पाते गंजते. दांड्याला वर्षातून दोन-तीनदा जवसाचे तेल चोळावे, नेढ्यातून वर आलेल्या टोकाला थोडे अधिक पाजावे, कारण ओल तिथूनच आत शिरते, आणि जिरले नाही ते अर्ध्या तासाने पुसून घ्यावे. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कधीही करून ठेवू नये: हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक करून पसराव्यात आणि पूर्ण वाळून कडक झाल्यावरच टाकाव्यात.