इंटिग्रेशनला कुठली मेथड लावायची हे ओळखायचं कसं

सगळ्या मेथड्स पाठ आहेत, फॉर्म्युले तोंडपाठ आहेत, पण पेपर समोर आला की नेमकं काय लावायचं तेच सुचत नाही, असं खूप जणांचं होतं. कारण साधं आहे, सब्स्टिट्यूशनच्या स्वाध्यायात सगळी गणितं सब्स्टिट्यूशनचीच असतात, म्हणजे अर्धं उत्तर हेडिंगनेच सांगून टाकलेलं असतं आणि ओळखायची सवय कधी लागतच नाही. त्यावर उपाय म्हणजे दिसायला सारखी असणारी गणितं शेजारी शेजारी लिहून बघायची.

वहीत ही तीन लिहा: एक्स इनटू ई रेज टू एक्स स्क्वेअर, एक्स इनटू ई रेज टू एक्स, आणि नुसतं ई रेज टू एक्स स्क्वेअर. पहिल्यात वर घातांकात एक्स स्क्वेअर आहे, त्याचं डेरिव्हेटिव्ह २ एक्स, आणि बाहेर एक्स आयता बसलाय, २ चं काय ते आपण बघून घेऊ, म्हणून एक्स स्क्वेअरला टी माना, उत्तर येतं अर्धा ई रेज टू एक्स स्क्वेअर प्लस सी. सब्स्टिट्यूशन म्हणजे चेन रूल उलटा चालवणं, त्यामुळे आतल्याचं डेरिव्हेटिव्ह बाहेर आहे का, हा प्रश्न नेहमी सगळ्यात आधी. दुसऱ्यात तसं काही मिळत नाही, दोन वेगळ्या जातीची फंक्शन्स गुणाकारात आहेत, मग बाय पार्ट्स, तो प्रॉडक्ट रूलचा उलटा, आणि उत्तर ई रेज टू एक्स गुणिले कंसात एक्स मायनस १, प्लस सी. आणि तिसरं? ते नेहमीच्या फंक्शन्समध्ये सुटतच नाही! १८३० च्या दशकात लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने अशी इंटिग्रल्स कशी ओळखायची याचा सिद्धांत मांडला. एक एक्स काढून घेतला आणि अख्खं गणितच हातातून गेलं, मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

आता छेदाचं बघू. खाली एक्स स्क्वेअर प्लस ४ आणि वर एक्स असेल तर लॉग, वर नुसता १ असेल तर टॅन इन्व्हर्स. वर १ च ठेवून खाली प्लसच्या जागी मायनस झाला की छेदाचे अवयव पडतात आणि पार्शल फ्रॅक्शन लागतं. खाली परत प्लस ४ च आणि वर एक्स स्क्वेअर असेल तर आधी भागाकार, कारण अंशाची डिग्री छेदाइतकी किंवा जास्त असली की पार्शल फ्रॅक्शनला हात लावायचाच नाही, इथे भागल्यावर १ येतो आणि मागे उरतं टॅन इन्व्हर्सवालं पद. ही चार गणितं एकदा हाताने सोडवाच, नुसती वाचून काही होणार नाही.

बाय पार्ट्समध्ये यू, म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं ते फंक्शन, कुठला घ्यायचा याला लॉग, इन्व्हर्स, अल्जेब्रिक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल हा क्रम बहुतेक वेळा चालतो. लॉग एक्स एकटाच आला तर शेजारी १ आहे असं समजा, त्या १ चं इंटिग्रेशन करा. ई रेज टू एक्स इनटू साइन एक्समध्ये दोनदा बाय पार्ट्स करायचं, पण दुसऱ्या वेळेस निवड उलटी केलीत तर शून्य बरोबर शून्य येऊन बसेल, म्हणून पहिल्यांदा ट्रिगला यू घेतलंय तर परतही ट्रिगलाच.

लिमिट्स असतील तर टी घेताना लिमिट्स तिथल्या तिथे बदला. एक्स भागिले एक्स स्क्वेअर प्लस ४, शून्य ते २ घ्या. छेदाला टी मानलं की लिमिट्स ४ ते ८ होतात आणि उत्तर अर्धा लॉग २. जुन्याच ठेवल्यात तर लॉग शून्य काढायची वेळ येते. या गणितात चूक निदान दिसते तरी, बाकीच्यांत चुकीचा आकडा गुपचूप येतो आणि कळतही नाही.

सरावाला वेगवेगळ्या स्वाध्यायांतून २० गणितं मिसळून घ्या आणि प्रत्येकाची फक्त पहिली ओळ लिहा, म्हणजे टी काय किंवा यू काय किंवा आधी भागाकार, पुढे जाऊ नका. मग त्यातली पाच पूर्ण सोडवा आणि उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून मूळचं फंक्शन परत येतंय का बघा, नाही आलं तर आधी सुटलेला २ किंवा मायनस शोधा, बऱ्याचदा गडबड तिथेच असते.