मॅकलाही व्हायरस लागतो

'मॅकला (ॲपलच्या संगणकाला) व्हायरस लागत नाही,' असं सांगलीत कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने जावा या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून ६ लाखांवर मॅक पोखरले होते.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेट उघडून स्वयंचलित अपडेट चालू करा. रोजच्या कामाला ॲडमिन नव्हे, स्टँडर्ड खातं वापरा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर नकोच! ते बसवताना पासवर्ड तुम्ही स्वतःच टाकता, म्हणजे चोराला किल्लीच देता.

झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या पेनड्राइव्हमध्ये विंडोजचा व्हायरस असू शकतो. मॅकवर तो गप्प पडून राहतो आणि पुढे विंडोजवर, बहुधा शेजाऱ्याच्याच, जागा होतो. त्यापेक्षा छपाईची पीडीएफ ईमेलने पाठवा. टाइम मशीनचा, म्हणजे मॅकमधल्याच बॅकअप सोयीचा, बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करू शकतो.